घरगुती मत्स्यालयातील चमक: दिवे, पार्श्वभूमी आणि सजावट यांच्या निवडीचे एक प्रकरण

टाकी आणि तक्रार

या प्रकरणातील टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ३६ सेंटिमीटर उंच आहे. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे ६५ लिटर पाणी मावते. तळाची खडी, सजावट आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात ५२ लिटरच्या आसपास पाणी राहते. तिच्यात १२ निऑन टेट्रा (निळ्या-लाल पट्ट्यांचे लहान मासे) आणि ६ कोरीडोरस (तळाशी वावरणारे मिशाळ मासे) होते. घरच्या मंडळींना संध्याकाळनंतर उजळून दिसणारे मत्स्यालय हवे होते. त्यासाठी त्यांनी निळ्या-जांभळ्या एलईडींची पट्टी, भडक गुलाबी खडी, हिरवी व नारिंगी प्लास्टिकची झाडे, रंगवलेला किल्ला आणि अंधारात चमकणारे दगड असा सगळा संच एकदमच आणला होता. सुरुवातीला टाकी खरोखरच लखलखली. काही आठवड्यांत मात्र सजावटीवर शेवाळाचा तपकिरी-हिरवा थर बसला, टेट्रा फिके पडून फिल्टरच्या मागे दडू लागले, आणि ज्या चमकेसाठी हा सगळा खटाटोप केला होता ती जवळजवळ दिसेनाशी झाली. त्यांनी माझ्याकडे सल्ला मागितला, तेव्हा त्यांचा प्रश्न एवढाच होता की याहून प्रखर निळा दिवा कोणता घ्यावा.

पाण्याच्या चाचणीत माशांच्या मलमूत्रातून तयार होणारे विषारी अमोनिया आणि नायट्राइट शून्य आले, त्यांपासून शेवटी बनणारे कमी घातक नायट्रेट प्रतिलिटर ४० मिलिग्रॅमच्या आसपास होते आणि तापमान २५ अंश सेल्सिअस होते. नायट्रेट थोडे जास्त होते, पण माशांची अवस्था केवळ त्यावरून समजावून घेता येण्यासारखी नव्हती. दिवा सकाळी लागत असे आणि रात्री झोपताना बंद होत असे, म्हणजे टाकीवर रोज सुमारे १४ तास उजेड पडत होता. कोरीडोरस माशांच्या मिशा टोकाला झिजलेल्या दिसत होत्या. पाण्यात दोष फारसा नव्हता. दोष उजेडात आणि तळात होता, आणि प्रखर दिव्याने तो वाढलाच असता.

नेमके काय चमकते

चमकणाऱ्या मत्स्यालयाचा विचार करताना सर्वांत मोठा गोंधळ येथे होतो, म्हणून या मुद्द्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. डोळ्यांना ‘चमक’ म्हणून जे दिसते ते तीन निरनिराळ्या प्रकारे निर्माण होते, आणि प्रत्येक प्रकाराला वेगळा दिवा लागतो.

पहिला प्रकार प्रतिदीप्तीचा. एखादा पदार्थ कमी तरंगलांबीचा (निळ्या-जांभळ्याकडचा) प्रकाश शोषतो आणि लगेच जास्त तरंगलांबीचा (हिरव्या-लालकडचा) प्रकाश बाहेर टाकतो. दिवा मालवला की चमकही त्याच क्षणी संपते. प्लास्टिकची हिरवी-नारिंगी झाडे आणि गुलाबी खडी या गटात येतात. प्रवाळ आणि जेलीफिश यांच्यातील चमकणारी प्रथिनेही याच गटातील आहेत. ‘एक्वोरिया व्हिक्टोरिया’ या जेलीफिशमधील हिरवे प्रथिन ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये वेगळे केले. त्याची शोषणाची दोन शिखरे ३९५ आणि ४७५ नॅनोमीटरजवळ आहेत, तर ते बाहेर टाकत असलेला प्रकाश ५०९ नॅनोमीटरजवळचा, म्हणजे हिरवा आहे. या कामासाठी शिमोमुरा, मार्टिन शाल्फी आणि रॉजर चिएन यांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरा प्रकार स्फुरदीप्तीचा. यात पदार्थ उजेड साठवून ठेवतो आणि अंधार झाल्यावर तो हळूहळू सोडतो. अंधारात चमकणाऱ्या दगडांत आज बहुधा युरोपियम आणि डिस्प्रोसियम मिसळलेले स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट वापरले जाते. ही चमक दिवा चालू असताना दिसतच नाही, त्यामुळे रात्रभर निळा दिवा लावून ठेवणाऱ्याने असे दगड घेण्यात काहीच अर्थ नाही.

तिसरा प्रकार साध्या परावर्तनाचा, आणि या टाकीच्या बाबतीत तोच सर्वांत महत्त्वाचा ठरला. निऑन टेट्राच्या नावामुळे हा मासा स्वतः प्रकाशतो किंवा निळ्या दिव्याखाली अधिक खुलतो, असा समज पक्का झालेला असतो. प्रत्यक्षात त्याच्या अंगावरचा निळा-हिरवा पट्टा त्वचेतील पेशींत रचलेल्या ग्वानिन या स्फटिकरूप पदार्थाच्या अतिशय पातळ चकत्यांमुळे दिसतो. या चकत्या खिडकीच्या झडपांसारख्या कलतात, त्यांच्यातील अंतर बदलते आणि त्यानुसार परावर्तित होणारा रंग बदलतो. अंधारात हाच पट्टा जांभळट व मंद होतो. त्याखालचा लाल पट्टा तर रंगद्रव्याचा आहे. तो लाल प्रकाश परत पाठवतो, आणि निळ्या पट्टीच्या प्रकाशात लाल भाग जवळजवळ नसल्यामुळे तेथे परत पाठवायला काही उरतच नाही. या घरात टेट्राचा लाल पट्टा तपकिरी-काळा का दिसत होता, याचे उत्तर एवढे सरळ होते. त्यांना हवी असलेली झळाळी माशांच्या अंगावर होतीच. निवडलेल्या दिव्याने ती पुसून टाकली होती आणि भडक खडीने उरलेसुरले लक्ष स्वतःकडे ओढून घेतले होते.

याच वेळी घरात आणखी एक पर्याय चर्चेत होता, तो म्हणजे जनुकीय बदल केलेले प्रतिदीप्त मासे. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात १९९९ मध्ये झेब्रा डॅनिओ या लहान पट्टेरी माशात जेलीफिशचे हिरवे जनुक घालण्यात आले आणि २००३ च्या अखेरीस अमेरिकेत अशा माशांची विक्री सुरू झाली. हे मासे जन्मतःच तसे असतात, त्यांची चमक पुढच्या पिढीतही उतरते आणि त्यांची काळजी मूळ जातीप्रमाणेच घ्यावी लागते. परंतु त्यांच्या विक्रीला सर्वत्र परवानगी नाही. उदाहरणार्थ, युरोपीय संघात ती नाही. जेथे परवानगी नाही तेथे हे मासे घेऊ नयेत, आणि जेथे आहे तेथेही ते कोणत्याही ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नयेत. यांच्याशी ज्यांची गल्लत होते ते सुईने रंग टोचलेले पारदर्शक काचमासे मात्र पूर्णपणे वेगळे प्रकरण आहे. त्यांचा रंग काही महिन्यांत उतरतो आणि टोचण्याची जखम माशाला सोसावी लागते. असे मासे कोणत्याही कारणाने विकत घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. या कुटुंबाने दोन्ही पर्याय बाजूला ठेवले आणि आहेत तेच मासे चांगले दिसावेत असे ठरवले.

दिव्याची निवड

दिवा निवडताना अतिनील किरणांचा, म्हणजे ज्याला लोक ‘काळा प्रकाश’ म्हणतात त्याचा, पर्याय प्रथम बाद केला. ३६५ ते ३९५ नॅनोमीटरच्या या दिव्यांखाली प्रतिदीप्त सजावट सर्वांत नाट्यमय दिसते हे खरे आहे. तरीही तो प्रकाश आपल्याला मंद वाटतो म्हणून माशांनाही तसाच वाटत असेल, असे धरून चालणे चूक आहे. झेब्रा डॅनिओच्या डोळ्यांत तर अतिनील किरण टिपणाऱ्या स्वतंत्र शंकुपेशीच (रंग ओळखणाऱ्या पेशी) असतात. शिवाय घरात लहान मुले टाकीला नाक लावून पाहणार, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर तासन् तास अतिनील दिवा ठेवणे मला योग्य वाटले नाही. आणखी एक त्रास अनुभवाला येतो. धुण्याच्या पावडरीत कपडे शुभ्र दिसण्यासाठी घातलेली द्रव्ये या प्रकाशात निळसर चमकतात, त्यामुळे कपड्यांचा एखादा धागा पाण्यात पडला किंवा काचेला चिकटला तरी तो सजावटीपेक्षा ठळक दिसू लागतो.

त्याऐवजी दोन स्वतंत्र वाहिन्या असलेली, प्रत्येक वाहिनीचा उजेड कमी-जास्त करता येणारी एलईडी पट्टी निवडली. एका वाहिनीवर ६५०० केल्व्हिनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा, पांढरा प्रकाश आणि दुसऱ्या वाहिनीवर ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश आहे. पांढऱ्या पट्टीत लाल भाग पुरेसा आहे की नाही, हे पाहण्यासाठी रंगदर्शक निर्देशांक (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचे १०० पैकी माप) ९० किंवा अधिक असलेलीच पट्टी घ्यावी, असा आग्रह मी धरला. निव्वळ ल्युमेनचा, म्हणजे एकूण उजेडाच्या मापाचा, आकडा मोठा असलेल्या स्वस्त पट्टीखाली टेट्राचा लाल रंग मळकट दिसतो. उजेडाच्या प्रमाणाबाबत, सावलीत वाढणाऱ्या वनस्पतींसाठी प्रतिलिटर १० ते २० ल्युमेन हा शौकिनांचा ढोबळ हिशेब आहे. त्यानुसार ५२ लिटरला सुमारे ५०० ते १००० ल्युमेन लागतात. येथे खालची मर्यादा पुरेशी होती. निऑन टेट्रा मुळात अमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातील झाडांच्या सावलीतले, पालापाचोळ्याने तपकिरी झालेल्या पाण्यातले मासे आहेत आणि त्यांना मंद उजेड मानवतो.

पट्टी कोठे बसवायची, या प्रश्नाकडे जवळजवळ कोणीच लक्ष देत नाही. जुना दिवा झाकणाच्या मागच्या कडेला होता. त्यामुळे प्रकाश माशांच्या मागून येत होता आणि समोर बसलेल्याला त्यांची सावलीकडची बाजू दिसत होती. परावर्तनाने दिसणारा रंग प्रकाशाच्या कोनावर अवलंबून असतो, म्हणून पट्टी झाकणाच्या पुढच्या तृतीयांशात आणून किंचित मागे कलती केली. घरातलाच एक पांढरा दिवा तात्पुरता पुढे धरून पाहिला, तेव्हाच टेट्राच्या पट्ट्यातील फरक घरच्या सर्वांना स्पष्ट दिसला. नवी खरेदी करण्याआधी प्रत्येकाने हा प्रयोग अवश्य करावा. कधी कधी नुसती जागा बदलून काम भागते.

वेळापत्रक असे ठरले. दुपारपर्यंत टाकीवरचा दिवा बंद राहील आणि खोलीतील साधा उजेड पुरेल. दुपारी २ वाजता पांढरा प्रकाश अर्ध्या तासात हळूहळू वाढेल, रात्री ८ पर्यंत राहील, आणि त्यानंतर साडेनऊपर्यंत पांढरा अगदी मंद व निळा मध्यम राहून शेवटी दोन्ही क्रमाने मालवतील. एकूण साडेसात तास. हळूहळू वाढवण्याचे कारण असे की, माशांना पापण्या नसतात, बहुतेक अस्थिमय माशांची बाहुली उजेडानुसार फारशी लहान-मोठी होत नाही, आणि त्यांच्या दृष्टिपटलाला अंधारातून उजेडाशी जुळवून घ्यायला बराच वेळ लागतो. एकदम दिवा लागला की मासे दचकून काचेवर आपटतात, ते यामुळे. रात्री मंद निळा दिवा ‘चांदणे’ म्हणून चालू ठेवण्याची सूचना घरातून आली होती, पण ती मान्य केली नाही. माशांनाही दिवस-रात्रीचे चक्र असते आणि त्यांना खरा अंधार मिळालाच पाहिजे.

विजेच्या बाबतीत थोडक्यात सांगायचे तर, पट्टी १२ व्होल्टची आणि पाण्यापासून संरक्षित आहे, तिची वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर नेली आहे, आणि टाकीत हात घालण्यापूर्वी सर्व उपकरणे बंद करण्याची सवय घरात लावली आहे.

अंधाराची जागा

कोणतीही वस्तू उजळ दिसते ती तिच्या भोवतालच्या तुलनेत. जुन्या मांडणीत तळ गुलाबी, मागची काच मोकळी आणि तिच्यामागे फिकट रंगाची भिंत होती. म्हणजे माशांच्या चारही बाजूंना त्यांच्याहून उजळ काहीतरी होते. फिकट तळावर मासे स्वतःचा रंगही फिका करतात, कारण परिसराशी जुळवून घेण्याची ही त्यांची उपजत पद्धत आहे. त्यामुळे गुलाबी खडी काढून टाकणे हा या प्रकरणातील सर्वांत परिणामकारक निर्णय ठरला.

तिच्या जागी गडद तपकिरी, बारीक आणि गोलसर कणांची वाळू ३ ते ४ सेंटिमीटर जाडीने पसरली. काळी म्हणून विकली जाणारी प्रत्येक वाळू चालत नाही. हाताच्या पाठीवर ती हलकेच चोळून पाहावी. ओरखडा उठत असेल तर ती कोरीडोरससाठी घेऊ नये, कारण हे मासे दिवसभर मिशांनी तळ चाचपडत असतात. वाळूचे दोन-तीन दाणेदार खडे आणि सजावटीसाठी आणलेले पाटीच्या दगडाचे तुकडे यांवर व्हिनेगरचे थेंब टाकून फेस येतो का तेही पाहिले. फेस आला तर दगडात चुना आहे, आणि असा दगड पाण्याचा कठीणपणा व पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) वाढवतो, जे टेट्राला नको असते. येथे फेस आला नाही.

मागच्या काचेला बाहेरून मॅट काळी फिल्म लावली. भिंतीच्या बाजूच्या काचेलाही तीच लावण्याचे कारण निराळे आहे. समोरून पाहताना टाकीच्या बाजूच्या काचा आतून आरशासारख्या वागतात, कारण पाण्यातून तिरका येणारा प्रकाश काचेपलीकडच्या हवेत न जाता पूर्णपणे आत परततो. प्रतिदीप्त झाडाची प्रत्येक फांदी अशा काचेत दुसऱ्यांदा दिसते आणि टाकी गजबजलेली वाटते. फिल्म साबणाच्या पाण्याने हवेचा थर न राहू देता चिकटवली की हा आरसा नाहीसा होतो. केवळ काळा कागद बाहेरून टेकवून ठेवला तर मध्ये हवा राहते आणि आरसा तसाच राहतो. बारीकशी गोष्ट आहे, पण तिचा परिणाम मोठा आहे.

सजावटीची छाननी

जुन्या सजावटीतील प्रत्येक वस्तूचा स्वतंत्र विचार केला. किल्ला काढावा लागला. त्याच्या बुरुजावरचा रंग पोपडे धरत होता, आतल्या पोकळीत गाळ साचला होता आणि नायट्रेट वाढण्यात त्या गाळाचा वाटा असणे शक्य होते. त्याची एक खिडकी अशा मापाची होती की कोरीडोरस आत शिरेल, पण वळून बाहेर येणार नाही. घरातील मुलीचा त्यावर जीव होता, म्हणून तो फेकला नाही. टाकीच्या बाहेर, स्टँडच्या खालच्या फळीवर ठेवला. अंधारात चमकणारे दगडही तेथेच गेले. स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट पाण्याशी सावकाश अभिक्रिया करते, म्हणून पाण्यात वापरायच्या दगडांत ते राळेच्या अखंड आवरणात बंदिस्त असावे लागते. या दगडांपैकी काहींचे कोपरे फुटून आतली भुकटी उघडी पडली होती. ते टाकीत ठेवण्याचा धोका पत्करण्याचे कारण नव्हते, आणि स्टँडच्या अंधाऱ्या फळीवर, दिवे मालवल्यानंतर, त्यांची हिरवी चमक उलट अधिक स्पष्ट दिसते.

प्रतिदीप्त वस्तू एकही ठेवू नये, असा माझा आग्रह नव्हता. ती एकाच रंगाची आणि एकाच जागी असावी, इतकेच म्हणणे होते. रंग हिरवा निवडला. मंद उजेडात माणसाच्या डोळ्याची संवेदनशीलता ५०७ नॅनोमीटरजवळ सर्वाधिक असते, त्यामुळे त्या परिसरातील हिरवी प्रतिदीप्ती थोड्याशा निळ्या प्रकाशातही ठळक दिसते आणि दिवा मंद ठेवता येतो. नारिंगी आणि गुलाबी रंग तितकेच उठून दिसावेत म्हणून दिवा वाढवावा लागतो, आणि मग पुन्हा माशांना त्रास व शेवाळाला वाव मिळतो.

सिलिकोनची तीन झुडपे चाचणीसाठी आणली. प्रत्येक झुडूप वेगळ्या पांढऱ्या बादलीत, टाकीच्याच तापमानाच्या पाण्यात आठवडाभर बुडवून ठेवले आणि चौथ्या बादलीत तुलनेसाठी नुसते पाणी ठेवले. आठवड्यानंतर चारही बादल्यांतील पाण्याचा वास, पीएच आणि कठीणपणा तपासला, ओल्या पांढऱ्या कापडाने झुडपे जोराने पुसली, आणि अंधारात निळ्या टॉर्चचा झोत प्रत्येक बादलीतून आडवा सोडला. प्रतिदीप्त रंग पाण्यात उतरला असेल तर झोताचा मार्गच हिरवट किंवा नारिंगी दिसतो. साध्या उजेडात ओळखू न येणारी गळतीही या चाचणीत सापडते. एका झुडपाचा रंग कापडाला लागला आणि त्याच बादलीतील झोतही हिरवट दिसला. ते परत केले. उरलेल्या दोघांच्या पानांवरून पातळ नायलॉनचा मोजा ओढून पाहिला. एकाच्या कडेला तो अडकला. कापडापेक्षाही नाजूक असलेला माशाचा पर ती कडा फाडणार, हे उघड आहे. शेवटी एकच झुडूप टाकीत गेले, डाव्या मागच्या कोपऱ्यात, पुढच्या काचेपासून शक्य तितके दूर.

ओंडक्याविषयी मात्र खरा पेच होता. लाकडातून उतरणाऱ्या टॅनिनमुळे पाणी तपकिरी होते, ते टेट्राला नैसर्गिक वाटते. पण तेच टॅनिन निळा प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषून घेते, आणि त्यामुळे प्रतिदीप्त सजावट निस्तेज होते. चमकेचा सारा भार निळ्या दिव्यावर असता तर ओंडका सोडून द्यावा लागला असता. आता मुख्य आकर्षण माशांचे स्वतःचे रंग आणि मुख्य प्रकाश पांढरा असल्यामुळे, आधीच बरेच दिवस भिजवून टॅनिन कमी केलेला लहान ओंडका ठेवता आला. त्याला अनुबियास आणि जावा फर्न बांधले, कारण दोन्ही वनस्पती मंद उजेडात वाढतात आणि त्यांची मुळे वाळूत पुरावी लागत नाहीत. पाण्याला आलेली हलकी सोनेरी छटा घरातील सर्वांनाच आवडली, आणि मला तर ती कोणत्याही रंगीत दिव्यापेक्षा अधिक सुंदर वाटते.

नंतरची स्थिती

बदल एका दिवसात केले नाहीत. प्रथम उजेडाचे तास कमी केले, मग तळ थोडा थोडा बदलला, जेणेकरून खडीवर वाढलेले, माशांची घाण पचवणारे उपयुक्त जिवाणू एकदम नाहीसे होऊ नयेत. सजावट सर्वांत शेवटी हलवली. टेट्रा काही दिवसांत मोकळ्या पाण्यात थव्याने फिरू लागले आणि त्यांचे दोन्ही पट्टे पूर्ण रंगात दिसू लागले. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलण्याने नायट्रेट २० मिलिग्रॅमच्या खाली आले. कोरीडोरसपैकी चौघांच्या मिशा पुन्हा वाढत आहेत. उरलेल्या दोघांच्या मुळापर्यंत झिजल्या होत्या आणि त्यांत अजून फरक नाही. त्यांच्यासाठी बुडणारे अन्न वाळूवर एकाच मोकळ्या जागी टाकले जाते.

हिरव्या झुडपावर पातळ थर अजूनही बसतो, आणि थर बसला की निळा प्रकाश रंगापर्यंत पोहोचत नाही. म्हणून ते दर पंधरवड्याला बाहेर काढून टाकीतूनच काढलेल्या पाण्यात मऊ ब्रशने धुतले जाते, साबण न लावता. प्रतिदीप्त रंग प्रकाशाने कालांतराने उडतातच. तो उडाल्याचे रोज पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही, म्हणून घरच्यांनी दर महिन्याला रात्री ९ वाजता, खोलीतील दिवे बंद करून आणि कॅमेऱ्याची मापे तीच ठेवून, एक छायाचित्र काढायचे ठरवले आहे. झुडूप फिके पडत असल्याचे दिसले तर निळी वाहिनी वाढवायची नाही, झुडूप बदलायचे, आणि नव्या झुडपाची तीच आठवडाभराची बादलीतली चाचणी पुन्हा करायची.